सासूबाईंचं गाव : मॉरिशसमधल्या मराठी घराचा मूळपुरुष शोधताना

वाक्वाची सून

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, आज मदत मागायला धागा काढतेय.

माझं माहेर साताऱ्याचं. लग्न होऊन मॉरिशसला आले त्याला १९ वर्षं झाली. घर वाक्वाला. घरात क्रेओल बोलतात आणि देवापुढे मराठी. आरत्या सगळ्यांना तोंडपाठ. गणेश चतुर्थीला इथे देशभर सुट्टी असते आणि आमच्याकडे त्या दिवशी पंचवीस-तीस पानं उठतात. पण "आपण मूळचे कुठले?" असं विचारलं की लहानथोर सगळे एकच सांगतात, "रत्नागिरी". त्याच्या पुढे गाडी जात नाही.

सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. गेल्या पावसाळ्यात दवाखान्यातून घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "तुला तुझं गाव माहीत आहे. मला माझं माहीत नाही." बस, एवढंच. मी त्यांच्या माहेरच्या घराण्याचा शोध घ्यायचं ठरवलं.

ज्यांना इथला इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८१० मध्ये हे बेट फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेलं. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली. उसाचे मळे तर होतेच, राबायला माणसं हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' नावाच्या जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले, ते कलकत्त्याहून आलेले. पुढच्या काळात अशी साडेचार लाखांवर माणसं हिंदुस्थानातून आली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून, मुंबईहून त्या मानाने थोडी. आपली कोकणातली, देशावरची माणसं आली ती या थोड्यांत. सुरुवातीच्या करारांत महिना ५ रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापत, त्याला 'डबल कट' म्हणत.

शोधाची सुरुवात मी आडनावापासून केली आणि तिथेच तीन महिने वाया घालवले. जे आपल्याला आडनाव वाटतं ते इथे आडनाव नसतं. उतरलेल्या माणसाचं फक्त नाव आणि बापाचं नाव लिहून घेत. त्याला मुलगा झाला की मुलाच्या दाखल्यावर बापाचं पाळण्यातलं नाव शेवटी लागे, आणि तेच पुढे पिढ्यान्‌पिढ्या आडनाव म्हणून चालत राही. म्हणून इथे लक्ष्मण हे आडनाव सापडतं, बापू हे आडनाव सापडतं. वर नाव ऐकणारा कारकून इंग्रजीत लिहिणारा, आणि त्यावरून दाखला करणारा फ्रेंचमध्ये लिहिणारा. 'ज'चा उच्चार बदलला, 'ह' गळाला, शेवटी दोन-दोन 'ई' लागले. त्या स्पेलिंगवरून रत्नागिरीत आडनाव शोधणं म्हणजे नुसती वणवण.

मग इथल्या एका वडीलधाऱ्या शिक्षकांनी सांगितलं, "आडनाव सोड. नंबर शोध." आलेल्या प्रत्येक माणसाला, बाई असो की मूल, एक क्रमांक मिळत असे आणि तो मरेपर्यंत त्याला चिकटलेला असे. करारावर तो, पासावर तो, मुलाच्या जन्माच्या नोंदीत बापाच्या नावापुढे तो, आणि मृत्यूच्या नोंदीतही तोच. हे सगळे रजिस्टर मोका या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेत. आपण वंशज आहोत हे दाखल्यांच्या साखळीने दाखवलं की नोंद पाहता येते.

साखळी जमवली. सासूबाईंचा जन्मदाखला, त्यांच्या वडिलांचा, मग आजोबांचा. आजोबांचा दाखला १८७०च्या दशकातला, फ्रेंच हस्ताक्षरात. त्यात त्यांच्या बापाच्या, म्हणजे सासूबाईंच्या पणजोबांच्या नावापुढे सहा आकडी नंबर. तो हातात आला त्या दिवशी मी घरी शिरा केला होता.

आणि आता अडचण. त्या नंबरावर रजिस्टरमध्ये जो माणूस निघाला तो बिहारचा, शहाबाद जिल्ह्यातल्या आऱ्याकडचा. कलकत्त्याहून आलेला. नाव काहीसं जुळतं, पूर्ण नाही. सासूबाईंना सांगितल्यापासून त्या गप्प आहेत. काल एवढंच म्हणाल्या, "मग आपण इतकी वर्षं मराठी आरत्या कशा म्हणतोय?"

कुणाला अशा नोंदींचा अनुभव आहे का? (घराण्याचं नाव इथे देत नाही, माहेरच्या मंडळींची तशी इच्छा आहे.)

---

दर्याकिनारा

ताई, फार मनापासून लिहिलंय. मला नोंदींतलं कळत नाही, पण एक विचारते. तुमच्याकडे 'झाकरी' नाचतात ना? ती आमची जाखडी. गोल करून, पायात चाळ बांधून, मधे ढोलकीवाला आणि गाणारा. आमच्या गुहागर-चिपळूण भागात गणपतीत घरोघर असते, मुंबईत तिला बाल्या नाच म्हणतात. सासूबाईंच्या घरात झाकरी असेल तर तुमचं मूळ उत्तर रत्नागिरीत आहे, बिहारात नाही.

---

वाक्वाची सून

आहे तर! सासूबाईंचे भाऊ झाकरीत गायचे. हे वाचून दाखवलं तर त्यांनी चाळांची जागा पायावर हात ठेवून दाखवली. पण याला पुरावा म्हणावं का, हे कळत नाही.

---

जुना दप्तरी

आयुष्य जुनी कागदपत्रं वाचण्यात गेलं आहे, त्यातही मोडी जास्त, त्यामुळे अधिकाराने सांगतो. माणूस बिहारचा निघाला म्हणून घाबरू नका. आधी आकडा पुन्हा वाचा.

फ्रेंच पद्धतीच्या हस्ताक्षरात १चा आकडा काढताना डावीकडून एक लांब तिरपी रेघ वर जाते आणि मग सरळ खाली येते. आपल्या डोळ्याला तो हमखास ७ वाटतो. त्यांचा खरा ७ ओळखायचा तर त्याच्या पोटावर आडवी रेघ असते. तुमच्या नंबरात ७ आहे का? असेल तर त्याच कागदावरची तारीख पाहा. सन १८७० नंतरचं आहे म्हणता, म्हणजे एक १ आणि एक ७ त्याच हाताने लिहिलेला तुमच्यासमोर आहे. शेजारी ठेवून ताडून पाहा.

दुसरं, पत्नीचाही नंबर काढा. तिची नोंद वेगळी असते, आणि नवऱ्याच्या नोंदीत जे नसतं ते कधी कधी तिच्या नोंदीत मिळतं.

---

सावली

एक सूचना माझ्याकडूनही. नाव 'नाक' या अक्षरांनी संपतं का ते बघा, इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एन-ए-सी किंवा एन-ए-के. आमच्या महार समाजातल्या जुन्या पुरुषांची नावं अशी असत. भीमा कोरेगावच्या स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची जी ४९ नावं आहेत त्यातली २२ अशी 'नाक'वाली आहेत. कोकणातून पलटणीत आणि परमुलखात कामाला जाणाऱ्यांत आमची माणसं पुष्कळ होती. तिकडे गेल्यावर काही घरांत शेवटचं 'नाक' गळालं असेल, तर रजिस्टरमधलं मूळ नावच ते सांगेल.

आणि जातीच्या रकान्यात 'मराठा' लिहिलेलं दिसलं तर लगेच धरून बसू नका. गोऱ्या साहेबाच्या कारकुनाला मुंबईकडून आलेला, मराठी बोलणारा जो तो मराठाच. तो रकाना जातीचा असला तरी भरणाऱ्याला काय कळत होतं हे आधी बघायचं.

---

वाक्वाची सून

दप्तरी काका, तुमच्या पाया पडते.

सातच होता, आणि तो सात नव्हता. काल भिंग घेऊन बसले. सनातल्या ७ला पोटावर रेघ आहे, नंबरातल्या 'सात'ला नाही. तो १ आहे. आज मोक्याला जाऊन नवा नंबर दिला.

रजिस्टर मोठं, दोन्ही हातांनी उघडावं लागतं असं. पानांच्या कडा तपकिरी झाल्यात. एका आडव्या ओळीत एक माणूस. आमच्या ओळीत असं आहे : नाव (जुळतं, अगदी अक्षर न्‌ अक्षर), बापाचं नाव, वय २०, उंची ५ फूट २ इंच, उजव्या गालावर देवीचे व्रण. बंदर मुंबई. जिल्हा 'रुटनाघेरी'. त्यापुढे गावाचं नाव आणि मालवण. ब्लॅक रिव्हरकडच्या एका मळ्यावर पाठवल्याची नोंद. १८५०च्या दशकातलं जहाज.

सावलीताई, नाव 'नाक'वालं नाही, पण जातीच्या रकान्यात तुम्ही म्हणालात तेच आहे, 'महराट्टा'. मी तो रकाना आहे तसाच उतरवून घेतला, त्यातून काही काढायला जाणार नाही.

फोटोही मिळाला. १८६०च्या दशकात जुन्या मजुरांनी फोटो लावलेला पास जवळ बाळगलाच पाहिजे असा कायदा झाला, त्यामुळे हे फोटो आहेत. माणसांना बंधनात ठेवायला काढलेले, आज आम्हाला मात्र तेवढाच चेहरा मिळाला. डोक्याला मुंडासं, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. सासूबाईंनी फोटो जवळ नेला, लांब नेला, मग म्हणाल्या, "कान बघ. हा माझ्या धाकट्या भावाचा कान." पाळी गालाला चिकटलेली, आणि खरंच, मामांची तशीच आहे.

दर्याकिनारा, तुमचं रत्नागिरी बरोबर आणि गुहागर चुकलं. मीही मनातून गुहागरच धरून बसले होते. झाकरी या बेटावर आली ती कुणा एका गावाची म्हणून. पुढे एकाच मळ्यावरची सगळी मराठी माणसं ती नाचू लागली. घराण्याचं गाव त्यावरून ठरवणं चूक होतं. समाजाची चाल वेगळी, एका घराची वाट वेगळी.

आता पत्नीची नोंद. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. पणजी मराठी नव्हती. तिचा नंबर मद्रासच्या जहाजातला, जिल्हा विशाखापट्टण. तेलुगू. त्या काळी जहाजांतून येणाऱ्या बायका पुरुषांच्या मानाने फार कमी, तेव्हा असे संसार झाले यात नवल नाही. पण सासूबाईंना कसं सांगावं हा प्रश्न होता. शेवटी सरळ सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या घरात सगळ्या आयांना आई म्हणायचे. फक्त माझे आजोबा त्यांच्या आईला अम्मा म्हणायचे. का, ते कुणी विचारलंच नाही."

---

क्युरपीपचा विश्वास

मी पण इथलाच, पाचवी पिढी. मराठी शाळेत शिकलो, चुका माफ करा.

ताई, जमिनीचे कागद पण बघा. १८८० नंतर साखर कंपन्यांनी मळ्यांचे तुकडे करून विकले, त्याला आम्ही 'ग्रां मोर्सेलमां' म्हणतो. करार संपलेल्या आपल्या लोकांनी पैसे साठवून ते घेतले. नोटरीच्या कागदावर घेणाऱ्याचा नंबर असतो, बायकोचं नाव असतं, कधी शेजाऱ्याचं पण. माझ्या घराचं गाव रजिस्टरमध्ये वाचता येत नव्हतं, पण जमिनीच्या कागदावर साक्षीदार त्याच जहाजातला होता, त्याच्या नोंदीत गाव स्वच्छ लिहिलेलं. एका गावचे लोक एका जहाजाने येत.

आणि मृत्यूची तारीख शोधताना १८६७ हे वर्ष सगळ्यात आधी बघा. त्या वर्षी इथे मलेरियाची फार मोठी साथ आली होती. माझ्या घरातले दोन जण त्यात गेले.

कागद सांभाळून ठेवा. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू इथे आल्या तेव्हा सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड (परदेशातल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) देण्याचं जाहीर झालं. त्याला हीच साखळी लागते. पण मी कार्डासाठी शोधलं नव्हतं. माझ्या वडिलांना मरायच्या आधी गावाचं नाव ऐकायचं होतं. मला ते सहा महिने उशिरा मिळालं.

---

तिठ्यावरचो

मी मालवणचा. गावाचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा, कारण आमच्याकडे एकाच नावाची दोन-दोन गावं असतात. पेंडूर मालवणात आहे तसं वेंगुर्ल्यातही आहे. तुमच्या नोंदीत मालवण स्पष्ट आहे हे नशीब.

रजिस्टरमध्ये रत्नागिरी का, असा प्रश्न कुणाला पडेल. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ला झाला, त्याआधी मालवण रत्नागिरीतच. सावंतवाडी मात्र तेव्हा वेगळं संस्थान, तिथल्या माणसाच्या नोंदीत रत्नागिरी असायला नको. जुनी नोंद जुन्या नकाशावर ठेवूनच वाचायला हवी.

गावात आलात तर तलाठ्याकडे जायच्या आधी देवळात जा. गुरवाला आणि मानकऱ्यांना घरं ठाऊक असतात, कुठल्या वाडीतलं कुठलं घर ओस पडलं हेही ठाऊक असतं.

---

जुना दप्तरी

१ आणि ७ सुटले हे वाचून समाधान वाटलं.

इकडच्या नोंदींबद्दल. तुमचा माणूस १८५०च्या दशकात गेला, तेव्हा इथल्या गावच्या दप्तरात तो स्वतः सापडेल ही आशा फार ठेवू नका. कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, हाती लागतात त्या बहुतेक त्याच्या नंतरच्या. पण त्याचे मागे राहिलेले भाऊ, पुतणे त्यात असू शकतात. तुमच्याकडे त्याच्या बापाचं नाव आहे, ते धरून चला. अलीकडे कुणबी नोंदी शोधण्याच्या निमित्ताने जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी मोडी दप्तरं धुंडाळली गेली आणि बरीच स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. उद्देश वेगळा होता, पण वंशावळ शोधणाऱ्याला ती खाण आहे. मोडी पानं असतील तर मला पाठवा, वाचून देईन. पैसे वगैरे काही नको.

---

दर्याकिनारा

वाचनखूण साठवली आहे. माझं गुहागर चुकलं याचं वाईट वाटत नाही. अम्मा वाचून मात्र रडू आलं.

---

वाक्वाची सून

धागा पाच महिन्यांनी वर काढतेय.

मे महिन्यात माहेरी आले होते, तेव्हा गावाला जाऊन आले. तिठ्यावरचो स्वतः गाडी घेऊन कुडाळ स्टेशनवर आले, त्यांचे उपकार कसे फेडू.

आधी सांगायची गोष्ट : घर सापडलं नाही. दप्तरी काकांनी वाचून दिलेल्या पानांवर बापाच्या नावाचे तीन माणूस निघाले, तीन वेगळ्या वाड्यांतले. तिन्ही घरं आज नांदती आहेत. तिन्ही घरांनी चहा दिला, एका आजींनी तर माझ्या हनुवटीला हात लावून "आमचाच असतला" म्हणून टाकलं. पण मी सासूबाईंना एका घराचं नाव सांगणार नाही. पुरावा तीन घरांपर्यंत येतो आणि थांबतो. उद्या कुणी डीएनए चाचणीचं म्हणेल, मामांनी त्याला होकारही दिलाय, बघू. गाव मात्र पक्कं झालं, त्यात शंका नाही.

सासूबाईंनी निघताना एक काम सांगितलं होतं. त्यांच्या अंगणातला नारळ देवाला ठेवायचा. बाहेरचं फळ विमानतळावर अडवतील म्हणून तो आणता आला नाही, तसं फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "तिथलाच घे. आमचा नारळ पण तिथूनच आला असेल."

देवळात मानकरी जमले. दुपारची वेळ, बाहेर ऊन, आत सारवलेला गारवा. जुन्या मानकऱ्यांनी नारळ हातात घेतला, मला विचारलं, "किती वर्सां झाली?" म्हटलं, एकशे साठच्या वर. त्यांनी मान हलवली आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. मी फोन लावून देवासमोर धरला. वाक्वाला सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन.

"बा देवा म्हाराजा, जी कोण तुजी लेकरां बोटीन परमुलखात गेली आणि परत येवक गावली नाय, त्येंची तू राखण केलंस. आज त्येंची सून तुज्या पायाशी इली हा. त्येंच्या पोराबाळांक सुखात ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले आणि गप्प झाले.

फोनवर आवाज जरा उशिरा पोचतो. देऊळ शांत झाल्यावर तिकडून एकट्या सासूबाईंचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." हा शब्द मी त्यांना कधी शिकवलेला नाही.